मधली विहीर : कोरफड, जंतू आणि टीवायच्या एका प्रोजेक्टचं प्रकरण

"मॅडम, झोन आलाय!" प्लेट उजेडाकडे धरून ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की शेजारच्या टेबलावर ग्रॅम स्टेनिंग करणारी एसवायची पोरं माना वळवून बघायला लागली. झोन खरंच आला होता. अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूची साय एकसारखी धरलेली आणि कोरफडीचा अर्क भरलेल्या भोकाभोवती, म्हणजे विहिरीभोवती, तेवढं गोल, नितळ, काचेसारखं वर्तुळ, जिथं जंतू वाढलेच नाहीत. तोच झोन. तालुक्याच्या गावच्या कॉलेजात टीवायबीएस्सी मायक्रोबायोलॉजीचं प्रोजेक्ट करणाऱ्या मुलीला आणखी काय हवं असतं? झोन आला की प्रोजेक्ट झालं. नाही आला की पोरं झाड बदलतात. कोरफड नाही तर तुळस, तुळस नाही तर कडुनिंब.

मीही खूश झाले, हे आधीच कबूल करते. प्लेटचा फोटो विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मीच टाकला. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची 'आविष्कार' नावाची संशोधन स्पर्धा असते, तिथं हे पाठवू या, असंही बोलून गेले. पुढच्या काही आठवड्यांत त्या वर्तुळाचं काय झालं त्याची ही हकिगत. प्रोजेक्टच्या फाइलीत ती चार ओळींत आटोपली आहे. ती तेवढ्यात आटोपू नये असं मला वाटतं.

विषय आणि माझी सही

विषय तिनं घरून आणला होता. आजीनं दारात तेलाच्या जुन्या डब्यात कोरफड लावलेली, आणि एक चौकटीला उलटी टांगलेली, नजर लागू नये म्हणून. टांगलेली कोरफड मातीपाण्याशिवाय महिनोन् महिने तग धरते, याचं गावात सगळ्यांना कौतुक. (त्यात चमत्कार नाही. कोरफडीची पानावरची छिद्रं दिवसा मिटलेली असतात आणि रात्री उघडतात, वरून मेणचट साल. पाणी उडणार कुठून?) स्वयंपाकघरात कुणाला चटका बसला की आजी पान तोडणार, सोलणार आणि गर लावणार. यावरून मुलीनं प्रोजेक्टच्या आराखड्याची, म्हणजे सिनॉप्सिसची, पहिली ओळ लिहिली होती : "कोरफडीचा गर जखमेतील जंतू मारण्यासाठी परंपरेने वापरला जातो." ही ओळ लक्षात ठेवा.

पुढचा बेत नेहमीचाच. तीन नमुने : ताजा गर, पानाचा पाण्यातला अर्क, पानाचा अल्कोहोलमधला अर्क. दोन जंतू : स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि ई. कोलाय. दोन्ही संग्रहातून मागवलेले प्रमाणित वाण, दवाखान्यातून आणलेले नाहीत. पद्धत वेल डिफ्युजनची. प्लेटवर जंतू पसरायचे, कॉर्क बोररनं अगारमध्ये आठ मिलिमीटरच्या विहिरी पाडायच्या, प्रत्येकीत शंभर मायक्रोलिटर नमुना सोडायचा, रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवायचं आणि सकाळी मोजपट्टी घेऊन बसायचं. तुलनेसाठी जेंटामायसिन या प्रतिजैविकाची दहा मायक्रोग्रॅमची चकती.

या बेतात एक विहीर कमी होती. ज्यात अर्क काढला त्या नुसत्या अल्कोहोलची. सिनॉप्सिसवर सही माझी आहे. ॲडमिशनचे दिवस होते, टेबलावर गठ्ठा होता, असं सगळं सांगता येईल. पण सही माझीच.

मधली विहीर

पहिल्या खेपेला चार प्लेटा होत्या. तीन प्लेटांत बरोबर तीन विहिरी आणि चकती. चौथीत बोरर चुकून मधोमध पडला आणि एक जादा विहीर झाली. प्लेट टाकून द्यायची तर मीडिया (जंतूंचं खाद्य) महाग, आणि मधोमध रिकामं भोक बरं दिसेना. मग तिनं काय करावं? पिपेट धुवायला घेतलेलं अल्कोहोल उरलं होतं, ते त्यात सोडलं. जर्नलमध्ये हे कुठंच लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोजमापं नीट लिहून काढायला बसलो तेव्हा मी ती चौथी प्लेट हातात घेतली. अर्काच्या विहिरीभोवती झोन होता. मधल्या विहिरीभोवतीही झोन होता.

"हे काय आहे मधे?"

"ते काही नाही मॅडम, नुसतं अल्कोहोल."

मोजपट्टी लावली. दोन वर्तुळांत एखाद्या मिलिमीटरचा फरक, तोही कुठून मोजता त्यावर अवलंबून. म्हणजे आदल्या दिवशी ग्रुपवर फोटो टाकलेलं वर्तुळ कोरफडीचं होतं की स्पिरिटचं, हे सांगायची काही सोयच नव्हती. प्रयोगशाळेतले मामा शेजारी टेबल पुसत होते, त्याच स्पिरिटनं. ते म्हणाले, "मॅडम, हे आपण जंतू मारायलाच वापरतो ना?"

खजील होणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. शिकवताना दरवर्षी फळ्यावर लिहिते : साठ ते नव्वद टक्क्यांच्या दरम्यानचं अल्कोहोल जंतूंची प्रथिनं साकळवतं. आणि पंच्याण्णव टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये पान भिजवून, ते न उडवता तसंच विहिरीत ओतायला मीच परवानगी दिली होती. अगारमध्ये पसरताना त्यात पाणी मिसळतं आणि ते आपसूक त्या मारक टप्प्यात येतं.

मुलीचं तोंड उतरलं. तिला वाटलं प्रोजेक्ट संपलं. मला वाटलं, आता सुरू झालं. पण हे वाक्य विद्यार्थ्याला ऐकवायचं नसतं, फार चिडतात.

आणखी दोन गोष्टी त्याच प्लेटवर होत्या. पाण्यातल्या अर्काभोवती काही नाही. आणि ताज्या गराच्या विहिरीभोवती झोन तर सोडाच, विहिरीतूनच काहीतरी बाहेर आलं होतं : कोरडी, सुरकुतलेली, मळकट पांढरी वसाहत, कडेला झालर असल्यासारखी. स्लाइड केली. ग्रॅम पॉझिटिव्ह दांडके, काहींच्या पोटात बीजाणू. बॅसिलस, मातीतला नेहमीचा जंतू. दारातल्या पानावर माती असते, सुरी स्वयंपाकघरातली असते, बोटं आपली असतात. जंतू मारणाऱ्या गरात जंतू सुखानं वाढत होते.

पान उघडून

इथं थांबून पान नीट बघायला हवं होतं, जे आम्ही आधी केलं नव्हतं. कोरफडीचं जाड पान आडवं कापा. बाहेर हिरवी साल. सालीच्या लगेच आत, कापाच्या कडेनं, पिवळे ठिपके उमटतात आणि बघता बघता थेंब होऊन ओघळतात. तो चीक. मधे सगळा पारदर्शक, बुळबुळीत गर. एकाच पानातल्या या दोन गोष्टी रसायन म्हणून एकमेकींच्या नात्यातल्याही नाहीत.

गर म्हणजे जवळजवळ सगळं पाणी, साधारण नव्व्याण्णव टक्के. मुलीनं शंभर ग्रॅम गर पेट्री डिशमध्ये ओव्हनला वाळवला. उरला तो काचेला चिकटलेला एक पातळ चकचकीत पापुद्रा, वजनाला ग्रॅमभरसुद्धा नाही. त्यात मुख्यतः लांबलचक साखळ्यांच्या शर्करा, त्यातली प्रसिद्ध ती ॲसिमॅनन. चिकात मात्र ॲलोइन असतं, त्याचा भाऊबंद ॲलो-इमोडिन असतं; ही अँथ्राक्विनोनच्या कुळातली कडूजहर रसायनं. हाच चीक वाळवून काळा झाला की त्याला आपण काळा बोळ म्हणतो. आजीच्या पिढीला तो जुलाबाचं औषध म्हणून ठाऊक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 2002 मध्ये कोरफडीचा चीक असलेली जुलाबाची औषधं चिठ्ठीविना विकायला बंदी केली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क 'माणसात कर्करोग घडवू शकेल' अशा 2-बी गटात घातला. रोज सकाळी ग्लासभर कोरफडीचा रस पिणाऱ्यांनी आपल्या बाटलीतून चीक काढला आहे की नाही, हे एकदा बघावं. असो, आमचा विषय पिण्याचा नव्हता.

तर "कोरफडीचा अर्क" हा शब्दच गोलमाल आहे. कुणी गर घेतो, कुणी चीक, कुणी अख्खं पान मिक्सरमध्ये फिरवतो. कुणी पाण्यात, कुणी अल्कोहोलमध्ये, कुणी ॲसिटोनमध्ये. मग एक निबंध सांगतो कोरफड स्टॅफला मारते, दुसरा सांगतो नाही मारत, आणि दोघं खरं बोलत असतात. आमच्या मुलीनं साल-चीक-गर सगळं एकत्र चिरून अल्कोहोलमध्ये टाकलं होतं. म्हणजे पहिल्या प्लेटवरच्या त्या वर्तुळाला संशयित आता तीन झाले : अल्कोहोल, चीक आणि गर. आमच्या शीर्षकात नाव फक्त तिसऱ्याचं.

दुसरी खेप

यावेळी विहिरी आधी कागदावर पाडल्या. नुसत्या अल्कोहोलची एक. कोरफडीचा गर मुळातच आंबट, त्याचा सामू साधारण साडेचार. म्हणून तेवढाच आंबट केलेल्या पाण्याची एक. अर्कातलं अल्कोहोल पूर्ण उडवून, उरलेला तपकिरी चिकटा थोड्या डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवायचा, म्हणून त्या द्रवाचीही एक, कारण जास्त झालं तर तेही जंतूंना सोसत नाही. अल्कोहोल उडवायचं यंत्र, रोटरी इव्हॅपोरेटर, आमच्याकडे नाही. पोर्सेलीनच्या बशीत अर्क घालून कोमट वॉटर बाथवर ठेवला आणि मामांनी दर तासाला येऊन बघितलं.

गर निर्जंतुक करणं हा वेगळाच वनवास निघाला. ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर घातला तर गर शिजणार, मग तो गर राहिला कुठं? म्हणून 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचा. सिरिंज दाबून दाबून पोरीचा अंगठा लाल झाला, फिल्टर तुंबला आणि शेवटी सिरिंजच्या तोंडातून फिल्टरच सुटून गर समोरच्या भिंतीवर उडाला. मग गर पाण्यानं पातळ केला, सेंट्रिफ्यूज केला, जाड गाळणीतून काढला, आणि तेव्हा कुठं दोन-चार मिलिलिटर पदरात पडला. यात एक दिवस गेला. एक रात्र लोडशेडिंगनं खाल्ली : इन्क्युबेटर रात्रभर बंद, सकाळी प्लेटा कोऱ्या. ती सगळी बॅच फेकली.

आणखी एक नमुना तिनं स्वतःहून घातला : मेडिकलच्या दुकानातलं कोरफडीचं जेल, ट्यूबमधलं, पोपटी हिरवं.

निकाल असा. जेंटामायसिनचा झोन स्टॅफवर प्रमाणित 19 ते 27 मिलिमीटरांच्या आत बसला, म्हणजे जंतू, मीडिया आणि आमचा हात ठीक होता. नुसतं अल्कोहोल : झोन. आंबट पाणी : काही नाही. डायमिथाइल सल्फॉक्साइड : काही नाही. निर्जंतुक गर : काही नाही, दोन्ही जंतूंवर. अल्कोहोल उडवलेला अख्ख्या पानाचा अर्क : ई. कोलायवर काही नाही, स्टॅफवर मात्र विहिरीच्या कडेला बारीकशी, नखाएवढ्या रुंदीचीही नव्हे अशी स्वच्छ किनार.

आणि सगळ्यांत मोठा झोन कुणाचा? ट्यूबमधल्या जेलचा.

"मॅडम, म्हणजे कंपनीच्या कोरफडीत जास्त ताकद असते?"

तिला ट्यूब उलटी करायला सांगितलं. मागं बारीक अक्षरात घटकांची यादी होती. त्यात फिनॉक्सीइथेनॉल, सोडियम बेंझोएट. ही टिकाऊ द्रव्यं आहेत, जेलमध्ये बुरशी-जंतू वाढू नयेत म्हणून घातलेली, आणि ती आपलं काम इमानानं करत होती. रंगही यादीत होता. कोरफडीचा गर हिरवा नसतोच, हे ज्यानं पान सोललंय त्याला सांगावं लागत नाही. यात कंपनीची काही लबाडी नाही. टिकाऊ द्रव्याशिवाय गर चार दिवसांत नासतो. पण त्या झोनवर "कोरफडीचा प्रभाव" असं लेबल लावलं असतं तर लबाडी आमची झाली असती. आणि अशी लेबलं लावलेले तक्ते मी प्रदर्शनांतून पाहिले आहेत.

झोन नाही म्हणजे काय?

आता मुलगी दुसऱ्या टोकाला गेली. "म्हणजे गरात काहीच नाही, असं लिहू?" तिलाच थांबवावं लागलं.

वेल डिफ्युजन ही पद्धत पसरण्याची आहे. 1966 मध्ये सिएटलच्या बाउअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिजैविकांच्या चकत्यांसाठी ती पक्की बसवली, तेव्हा त्यांच्यासमोर लहान, शुद्ध, पाण्यात नीट विरघळणारे रेणू होते. ॲसिमॅननसारखी लांबलचक साखळी अगारच्या जाळीतून हलतच नाही. उलट ॲलो-इमोडिनला पाण्याचं वावडं, तेही रेंगाळतं. त्यामुळे झोन नसला तर एकच शक्यता नसते. पदार्थ निकामी आहे, किंवा तो विहिरीतून बाहेरच पडला नाही. आणि झोन मोठा म्हणजे औषध जालीम, हेही नाही. दोन वेगळ्या पदार्थांचे मिलिमीटर शेजारी शेजारी ठेवणं म्हणजे बैलगाडी आणि होडीची शर्यत. शिवाय झोन एवढंच सांगतो की तिथं वाढ थांबली. जंतू मेले की नुसते दबा धरून बसले, ते झोनमधून तारेचा लूप फिरवून नव्या प्लेटवर टाकल्याशिवाय कळत नाही.

म्हणून गर थेट ब्रॉथमध्ये, म्हणजे जंतूंच्या पातळ खाद्यात, मिसळून पाहिला. एका नळीत नुसतं ब्रॉथ आणि स्टॅफ, दुसरीत त्यातच निर्जंतुक गर. दुसऱ्या दिवशी दोन्ही सारख्याच गढूळ. मोजणीसाठी प्लेटवर टाकलं तर वसाहती दोन्हीकडे मोजता येऊ नयेत इतक्या. गरात साखरा आहेत. जंतूंना जेवणच मिळालं म्हणा. आता लिहायला हरकत नव्हती : आम्ही जसा काढला तसा, जेवढा घातला तेवढा, या दोन जंतूंवर गराचा परिणाम दिसला नाही. वाक्य लांबलं, पण त्यातला एकही शब्द गाळता येत नाही.

पिवळा थेंब

उरली ती स्टॅफवरची बारीक किनार. ती कुणाची?

डझनभर पानं बुडातून कापून काचेच्या चंचुपात्रात तिरपी उभी केली. अर्ध्या तासात तळाला पिवळा चीक जमला, वास उग्र, आणि प्रयोगशाळेत काही चाखायचं नाही हा नियम मोडून कुणीतरी जिभेला लावून पाहिलाच (मी नाव सांगणार नाही, दिवसभर थुंकत होता). वाळवल्यावर तो तपकिरी, मग काळपट, काचेसारखा ठिसूळ झाला. घरच्या घरी काळा बोळ.

त्यात अँथ्राक्विनोन आहे याची खूण म्हणून बोर्नट्रॅगर चाचणी, ॲलोइनसाठीची सुधारलेली, फेरिक क्लोराइड आणि आम्ल घालून तापवायची. शेवटी अमोनिया घातला आणि वरचा थर गुलाबी-लाल झाला. तेवढ्यापुरती मुलगी पुन्हा ओरडली. गराची तीच चाचणी केली, रंग नाही.

चिकाच्या विहिरीभोवती स्टॅफवर झोन आला. अल्कोहोल नव्हतं, टिकाऊ द्रव्य नव्हतं, विद्रावकाची विहीर शेजारीच कोरी होती. मोठा नव्हता, विहिरीच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर. ई. कोलायवर काही नाही, आणि ते अपेक्षित आहे. ई. कोलायसारख्या ग्रॅम निगेटिव्ह जंतूंना बाहेरून एक जादा आवरण असतं, असले रेणू त्यातून सहज शिरत नाहीत. जे शिरतात त्यांना पेशीतले पंप उपसून बाहेर टाकतात. स्टॅफला ते कवच नाही.

मग किती चीक लागतो ते पाहिलं. नळ्यांत निम्मं-निम्मं पातळ करत गेलो. चिकाच्या रंगानं ब्रॉथच चहासारखं दिसतं, गढूळपणा डोळ्यानं ठरवता येत नाही, म्हणून प्रत्येक नळीतून थेंब घेऊन प्लेटवर टाकावा लागला. वाढ थांबायला मिलिलिटरमागे काही मिलिग्रॅम वाळका चीक लागला. हा आकडा मोठा की लहान? स्टॅफचा प्रमाणित वाण जेंटामायसिनच्या एक मायक्रोग्रॅमच्या आतच थांबतो, आणि मिलिग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅम असतात. शुद्ध औषधाशी कच्च्या अर्काची तुलना अन्यायाची, हे खरं. पण वनस्पतींच्या अर्कांसाठीची पट्टीही आहे : रिओस आणि रेसिओ या स्पॅनिश अभ्यासकांनी 2005 मध्ये सुचवलं होतं की मिलिलिटरमागे एक मिलिग्रॅमच्या वर अर्क लागत असेल तर त्या वाटेला जाऊ नये, आणि शंभर मायक्रोग्रॅमच्या खाली काम होत असेल तर उत्सुकतेनं बघावं. आमचा चीक पहिल्याच उंबरठ्यावर अडला.

तरी पोळलेल्यावर गुण येतो तो?

हा प्रश्न परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारला, आणि योग्यच विचारला. गुण येणं आणि जंतू मरणं या दोन गोष्टींची आपण गाठ मारून ठेवली आहे, ती सोडवावी लागते. 1935 मध्ये अमेरिकेत कॉलिन्स पितापुत्रांनी क्ष-किरणांनी भाजलेल्या त्वचेवर कोरफडीचं ताजं पान वापरल्याचं नोंदवलं, आणि तिथून आधुनिक वैद्यकात कोरफडीचा शिरकाव झाला. त्यांच्या प्रश्नात जंतू नव्हतेच. 2007 मध्ये थायलंडच्या अभ्यासकांनी भाजण्यावरच्या चार चाचण्या, एकूण 371 रुग्ण, एकत्र करून पाहिल्या. पहिल्या-दुसऱ्या दर्जाच्या भाजण्यात कोरफडीनं बरं व्हायला सरासरी जवळपास नऊ दिवस कमी लागले. चाचण्या थोड्या आणि एकसारख्या नाहीत, पण आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. त्याउलट 1991 मध्ये श्मिट आणि ग्रीनस्पून यांनी सिझेरियन किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर उघड्या राहिलेल्या जखमांवर कोरफडीचं जेल लावून पाहिलं. नेहमीच्या मलमपट्टीनं जखम भरायला सरासरी 53 दिवस लागले, जेल लावलेल्यांना 83.

म्हणजे वरवरचा चटका वेगळा आणि उघडी खोल जखम वेगळी. माझ्या प्लेटवर गरातून निघालेला तो झालरीचा बॅसिलस आठवला की दारातलं पान तोडून फुटलेल्या फोडावर चोळायला मी तरी कुणाला सांगणार नाही. चटका बसल्यावर आधी वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी, मग बाकीचं.

परीक्षकांनी पुढं विचारलं, "मग झोन आला नाही, तर प्रोजेक्ट कशाचं?" मुलीनं चौथी प्लेट दाखवली. ती तिनं पॅराफिल्म लावून फ्रीजमध्ये जपून ठेवली होती, मधल्या विहिरीशेजारी मार्करनं बाण काढून. गुण चांगले मिळाले. 'आविष्कार'ला मात्र प्रोजेक्ट गेलं नाही. ऐनवेळी मुदत निघून गेली, आणि शेजारच्या कॉलेजचं "अमुक पानाच्या अल्कोहोल अर्काचा प्रभाव" पोस्टरवर झळकताना मी पाहिलं. त्यात विद्रावकाची विहीर होती का, ते जवळ जाऊन शोधलं. दिसली नाही. बोलले काही नाही, पहिल्या खेपेला माझ्याही प्लेटेत नव्हती.

निकाल लागल्यावर मुलगी पेढे घेऊन आली. सोबत आजी होत्या, तालुक्याला बँकेच्या कामाला आलेल्या. मी म्हटलं, "आजी, तुमच्या कोरफडीनं फार दमवलं आम्हाला. जंतू काही मरेनात."

"जंतू?" आजी नातीकडे बघत राहिल्या. "अगं बाई, मी कधी म्हणाले जंतू मारते म्हणून? गार वाटतं, आग थांबते, म्हणून लावते."

नात गप्प. सिनॉप्सिसची पहिली ओळ तिची होती, आजीची नव्हती.

मग मी सहज विचारलं, पान तोडल्यावर लगेच लावता का?

"छे. आधी भिंतीला उभं करून ठेवायचं घटकाभर. ते पिवळं सगळं गळून जाऊ द्यायचं. अंगाला लागलं तर खाजतं."